गुरुजी थांबायला शिकले

बालमित्रांनो, आणि त्यांच्यामागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, ही फार जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हा राजे सीमेचे तंटे तलवारीने नव्हे, चेंडूच्या खेळाने मिटवत.

एका राज्यात एक नामांकित खेळाडू होता. देशोदेशीच्या मैदानांवर त्याने आपल्या राजाची शान राखली होती. सुटा चेंडू दिसला की तो झेपावलाच! पुढे गुडघे थकले. राजाने जहागीर देऊ केली. त्याने आपल्या गावची शाळा मागितली आणि तो तिथे गुरुजी झाला.

गावाची एक रीत होती. सुगी संपली की गावकरी मुलांना पारावर बोलावून प्रश्न विचारत. मुले बोलली तर शाळा चालू. गप्प राहिली तर शाळा बंद, आणि मुले गुरांमागे.

गुरुजी जीव ओतून शिकवत. पण प्रश्न विचारला की त्यांना धीर निघत नसे. उत्तरही तेच देऊन टाकत. मुले टाळ्या वाजवत आणि गप्प बसत.

सुगीच्या तोंडावर त्यांचा जुना सवंगडी आला. आयुष्यभर त्याने यांच्या पायात चेंडू पोचवला होता. एक धडा ऐकून तो हसला.

"अरे, इथंही सगळे गोल तूच मारतोस! पोरं काय नुसती बघायला आलीत?"

"त्यांना वेळ लागतो रे. मला ती शांतता सोसत नाही."

"मला सोसायची होय? तू जागेवर पोचेपर्यंत मी चेंडू धरून उभा. चौघे अंगावर यायचे, आणि वर तुझ्या शिव्या!"

गुरुजी ओशाळले. दुसऱ्या दिवसापासून प्रश्न विचारून ते हाताची घडी घालून उभे राहू लागले. आधी नुसती चुळबुळ झाली. मग चुकीची उत्तरे आली. मग उत्तरांवरून चक्क भांडणे!

पारावरचा दिवस उजाडला. उन्हे कलल्यावर पाटलांनी कुंभाराच्या सगुणेला विचारले, "पोरी, सावली कधी लांब, कधी आखूड का गं?"

सगुणा खाली बघत राहिली.

"झालं! मिटवा शाळा," पाटील म्हणाले.

उत्तर गुरुजींच्या ओठांवर आले होते. त्यांनी ते गिळले. "थांबा पाटील. ती विचार करतेय."

हळूच सगुणेने मान वर केली. "सूर्य डोक्यावर असला की सावली पायाशी गोळा होते. तो खाली गेला, उजेड आडवा आला, की लांब पडते. आजोबा, मागं बघा की, तुमचीच केवढी झालीय!"

पाटलांनी वळून पाहिले आणि सारा पार हसला. "चालू द्या शाळा," तेही हसत म्हणाले.

गुरुजींनी हाताची घडी सोडली. कोणताही सामना जिंकून त्यांना इतके हलके वाटले नव्हते.

तात्पर्य: मुलांना उत्तर देण्यापेक्षा ते शोधायला वेळ द्यावा.