पेटीतला तंबोरा

एका तालुक्याच्या गावात काशिनाथ वेल्हाळ नावाचा एक रेडिओ दुरुस्त करणारा होता. हात चांगला, पण स्तुतीपुढे जरा मऊ. गावच्या वाचनालयाने जुन्या ध्वनिफिती ऐकण्यासाठी एक खोली केली आणि हेडफोनला जोडायचा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्याकडून मागवला. पहिला पसंत पडला तर आणखी अकरा.

कमिटीला अ‍ॅम्प्लिफायरची पेटी सुबक हवी होती. तेव्हा काशिनाथने पेटीला तेरा दिवस दिले आणि आतल्या सर्किटला एक संध्याकाळ. पितळी बटणे बसली, निळा दिवा बसला. उरलेल्या जागेत विजेचा ट्रान्सफॉर्मर आवाजाच्या बारीक तारेला खेटून बसवावा लागला. अशी तार ट्रान्सफॉर्मरची गुणगुण उचलते, हे काशिनाथला ठाऊक होते. पण दिवा फार छान दिसत होता.

अध्यक्ष अण्णासाहेब रोडे यांनी पहिल्यांदा हेडफोन लावला. फीत होती गावच्या दिवंगत गवयाची, केशवबुवांची. अण्णासाहेबांनी डोळे मिटले. "वा. तंबोरा काय जुळलाय."

ती ट्रान्सफॉर्मरची गुणगुण होती. योगायोगाने बुवांच्या पंचमाजवळ पडत होती. काशिनाथने तोंड उघडले, मग मिटले. आठवड्यात सारे गाव तो तंबोरा ऐकून गेले. डॉक्टरांना तर चारही तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या.

मग बुवांच्या शिष्या यमुताई खांबेटे आल्या. सत्तरी उलटली तरी त्या घरी मुलींना गाणे शिकवीत. या फितीच्या वेळी मागे तंबोऱ्यावर त्याच बसल्या होत्या. आलाप थांबवून बुवा त्यांना हळूच काही बोलले होते. ते तेव्हा ऐकू आले नाही, आणि पुन्हा विचारायचा धीर कधी झाला नाही.

यमुताईंनी फीत तीनदा ऐकली. मग हेडफोन काढला. "तंबोरा तेवढा येतो. बुवांचे बोलणे येत नाही. कान गेले म्हणायचे. बहिऱ्या बाईने सूर शिकवू नये. उद्यापासून मुलींना येऊ नका सांगते."

"वय झालं की व्हायचंच, ताई," अण्णासाहेब समजुतीने म्हणाले. "आम्हाला स्वच्छ ऐकू येतं."

काशिनाथने निळ्या दिव्याकडे पाहिले. मग हात पुढे करून फीत थांबवली. "बाई, आता लावा."

यमुताईंनी हेडफोन लावला. "फीत बंद आहे. मग हे वाजवतंय कोण?"

"मीच. माझी चूक वाजतेय. तुमचे कान शाबूत आहेत."

अण्णासाहेब म्हणाले, त्यांना पहिल्या दिवसापासून शंका होतीच. अकरा पेट्यांचे काम त्याच बैठकीत रद्द झाले.

काशिनाथने पेटी घरी नेली. ट्रान्सफॉर्मर हातभर लांब, वेगळ्या डब्यात घातला. अर्थिंगच्या सगळ्या तारा एका जागी आणून जोडल्या. दिवा गेला, शोभाही गेली. आठ दिवसांनी यमुताईंनी पुन्हा हेडफोन लावला. फीत सुरू होण्याआधी कानात काहीच नव्हते. मग बुवा आले. आलाप थांबला, आणि हळूच शब्द आले: "यमे, तंबोरा उतरलाय. जुळव."

यमुताई हसत हसत सगळ्यांना ते सांगत सुटल्या. अण्णासाहेब तेवढ्यात वर्तमानपत्रात गढून गेले. दुसऱ्या दिवशी मुली शिकवणीला आल्या, तेव्हा पहिला अर्धा तास नुसता तंबोरा जुळवण्यात गेला.

तात्पर्य: आपल्या चुकीची वाहवा होत असताना जो गप्प बसतो, तो दुसऱ्याच्या शाबूत कानांना बहिरे ठरवतो.