पाच वर्षं टिकणारं पाणी

मोटारी बोलायच्या आणि मिस्त्री त्यांचं ऐकायचे, त्या काळातली ही गोष्ट. एका गॅरेजात शर्यतीची एक जुनी लाल गाडी राहायची. सगळे तिला बाईसाहेब म्हणत. तिच्या नाकामागे पितळी रेडिएटरआबा बसायचे. इंजिन गार ठेवायचं, एवढंच त्यांचं काम. पण त्यांचे सांधे सगळे कथलाचा डाग देऊन जोडलेले.

दसऱ्याला मिस्त्रींनी कूलंटचे, म्हणजे रेडिएटरात घालायच्या पाण्याचे, दोन डबे आणले. एक हिरवं, जुन्या पद्धतीचं, दर दोन वर्षांनी बदलायचं. दुसरं गुलाबी, डब्यावर लिहिलेलं, 'पाच वर्षं टिकणार'.

"बाईसाहेब, हिरवंच घ्या," आबा हळूच म्हणाले. "ते गुलाबी माझे सांधे खाईल."

"आबा, तुम्हाला नवं काही सोसतच नाही बघा! शेजारची नवी गाडी तेच पिते. शिवाय माझ्या रंगाला शोभतं."

"आत कोण बघतंय रंग?"

"मला ठाऊक असतो ना!"

मिस्त्रींनी गुलाबी ओतलं आणि वर झेंडूचा हार घातला.

संक्रांतीला जुन्या गाड्यांची मिरवणूक निघाली. अर्ध्या वाटेत वाफ उसळली, बाईसाहेबांच्या चाकांशी गुलाबी थारोळं साचलं. तो रंग मग सगळ्या गावाने पाहिला.

ट्रॅक्टर दोर लावून त्यांना घरी ओढू लागला, तशा बाईसाहेब फणकारल्या, "डब्यावर खोटं लिहिलं मेल्यांनी! पाच वर्षं म्हणे!"

"खोटं नाही हो," आबा म्हणाले. "पाणी अजून चांगलंच आहे. टिकलो नाही, तो मी."