स्टुलावरची माती

“पण वस्ताद, गुडघ्यात पुन्हा बळ येणार का न्हाई, तेवढं सांगा की!”

दस्तगीर वस्ताद तालमीच्या दारातल्या बाजेवर बसून लसूण सोलत होते. नव्वदी ओलांडलेला माणूस, पण बोटं अजून थरथरत नव्हती.

हिंदुराव पैलवान समोरच्या बाकावर बसला होता. बसला होता म्हणजे काय, भिंतीला हात टेकत, दात आवळत कसाबसा बाकावर उतरला होता. आणि कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून आधी इकडंतिकडं बघून घेतलं होतं.

एके काळी कागल भागात या माणसाच्या बैठका बघायला लोक जमायचे. मोजणारे थकायचे, हा थकायचा नाही. आता सत्तरीत त्याच गुडघ्यांनी दावा साधला होता.

“एखादा लेप सांगा, काढा सांगा. तुम्ही म्हणाल ते खातो.”

“पाणी किती पितोस?”

हिंदुराव गडबडला. गुडघ्याचा आणि पाण्याचा काय संबंध?

“पितो की... लागंल तेवढं.”

“ओठ फुटल्यात तुझं.”

वस्तादांनी उशाच्या तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि पुढं केलं. हिंदुरावनं पेला ओठाला लावल्यासारखं केलं आणि हळूच बाकावर ठेवून दिला. घसा तर त्याचा कोरडा ठणठणीत होता.

“कमीच केलंय मी पाणी,” तो म्हणाला. “रातचं जेवण बी सोडलंय. या वयात माणसानं जरा विरक्त व्हावं, काय?”

वस्ताद मिशीतल्या मिशीत हसले. रोज मटणाच्या रश्श्याला वाटीवर वाटी मागणारा गडी, आणि विरक्त!

“कशाला भितोस?” त्यांनी विचारलं.

“मी? भितोय?” हिंदुरावचा आवाज चढला. “पाठीला कधी माती लागू दिली न्हाई मी. तुम्हीच बघितलंय.”

“बघितलंय.”

वस्तादांनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली. मग दाराबाहेर नजर टाकली.

बाहेर कडुनिंबाच्या कट्ट्यावर शेवंता बसली होती. हिंदुरावची बायको. बाईमाणसानं तालमीत पाऊल टाकायचं नाही हा तिथला जुना रिवाज, म्हणून नवऱ्याला दारापर्यंत आणून ती बाहेरच थांबली होती. वस्तादांना नमस्कारही तिनं तिथूनच केला होता.

“शेवंतानं मगाशी मला नमस्कार केला,” वस्ताद म्हणाले.

“व्हय.”

“एका हातानं केला.”

हिंदुरावनं बाकावरचा पेला उगाच सरकवला.

“दुसरा हात कुठाय तिचा?”

दुसरा हात पदराखाली होता. हळद लावून, फडकं गुंडाळून बांधलेला.

“मुरगाळलाय,” हिंदुराव म्हणाला.

“कशानं?”

“कामानं. घरातल्या.”

“कुठल्या कामानं?”

आखाड्याच्या कौलांवर एक पारवा घुमत होता.

मग हिंदुराव बोलायला लागला. मान खाली घालून, पायाच्या अंगठ्याशी बोलावं तसा.

पोरानं घरात कमोड बसवला होता. त्याच्यावर बसता यायचं. बसायचं काय, अंग सोडून द्यायचं. उठता मात्र यायचं नाही. मग आतून खाकरायचं. शेवंता दार ढकलून यायची, त्याच्या काखेत हात घालायची आणि ओढायची. हा असा डोंगर आणि ती मूठभर. परवा ओढताना तिच्या मनगटात कट्कन वाजलं. पण तो नीट उभा राहून लेंग्याची नाडी बांधेस्तोवर तिनं त्याला सोडलं नाही. ‘काय न्हाई, काय न्हाई’ म्हणत राहिली. आणि तोही काय नाही असंच धरून चालला.

“कमी प्यालं, कमी खाल्लं, की जायला कमी लागतंय,” तो पुटपुटला. “तिला तेवढाच तरास कमी.”

“आणि पोरगा काय म्हणतो?”

“त्यानं एक आणलंय पुण्यासनं. कमोडवर ठेवायची उंच सीट. वीतभर उंची वाढती, धरायला दोन्ही बाजूंना दांड्या. आपलं आपण उठता येतं म्हणं.”

“मग?”

“मग काय! आजाऱ्याचं असतंय ते, वस्ताद. गोठ्यात फेकलंय मी, पेंडीच्या पोत्यांमागं.” त्यानं मांडीवर थाप मारली. “सारा जलम बैठका मारण्यात गेला. आणि आता वीतभर खाली बसून उठता येत न्हाई म्हणून पैलवानानं प्लॅस्टिकच्या पाटावर बसायचं? त्यापरास मरण बरं.”

डोळे भरून आले तसे त्यानं तोंड फिरवलं. लाज वाटली. रडल्याची वाटली, की त्या मनगटाची, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

वस्तादांनी लसणाची ताटली बाजूला सारली.

“आज तू आलास ते मातीला न शिवता बसलास,” ते म्हणाले. “जा. कपाळाला लाव. आणि मला बी आण.”

हिंदुराव बाकावर हात रेटत कसाबसा उठला. भिंत धरून आखाड्याच्या काठाशी गेला. सकाळीच उकरलेली तांबडी माती, ताक आणि तेल पिऊन मऊ झालेली. याच मातीत तो वाढला होता.

तो वाकला. हात खाली गेला, आणखी थोडा गेला आणि तिथंच लोंबत राहिला. गुडघे कळवळले. माती तिथंच, आणि बोटं वरच्या वर.

कपाळावर घाम आला. बाहेरून शेवंता अर्धवट उठली. तिला रिवाज आठवला आणि ती पुन्हा बसली.

“वस्ताद...”

“काय?”

“वाकता येईना.”

कुणाला तरी हे तोंडानं सांगायची त्याची ही पहिलीच वेळ. सांगितलं आणि त्याला वाटलं, आता वस्तादांच्या शिव्या येणार.

“मला तरी कुठं येतंय?” वस्ताद म्हणाले.

हिंदुराव वळला. वस्तादांचं कपाळ तांबडं होतं. आल्यापासून तो ते बघत होता आणि त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

“मग तुम्ही रोज...?”

“तुझ्या डाव्या हाताला बघ.”

दाराशी एक उंच स्टूल होतं. त्यावर पितळेची परात आणि परातीत आखाड्याची ताजी माती. येताना ती त्यानं पाहिली होती. कसल्या पूजेची असेल म्हणून अंग चोरून बाजूनं आला होता. आता जवळून बघितलं, तर मातीत म्हाताऱ्या बोटांचे ठसे होते.

तो बघतच राहिला.

मग उभ्या उभ्या चिमूट उचलून त्यानं कपाळाला लावली. दुसरी चिमूट नेऊन वस्तादांच्या कपाळाला लावली. वस्तादांनी डोळे मिटून लावून घेतली.

“तुझ्या बोटाला लागलीय अजून,” ते म्हणाले. “तिला लाव.”

“शेवंताला? पण रिवाज...”

“तिनं आत यायचं न्हाई असा रिवाज हाय. मातीनं बाहेर जायचं न्हाई असा कुठं हाय?”

हिंदुराव कट्ट्यापाशी गेला. शेवंता गोंधळली. “अवो, मला कशाला?” म्हणत तिनं सवयीनं दोन्ही हात जोडले. फडक्यातलं मनगट बाहेर आलं. चांगलंच सुजलं होतं. हिंदुरावनं ते पहिल्यांदा उजेडात नीट पाहिलं.

तिच्या कपाळावर, कुंकवाच्या वर, त्यानं बोट टेकवलं.

परत आला तो बाकाशी उभा राहिला. पेला उचलला आणि घटाघटा सगळा रिकामा केला. शेवंता बाहेरून बघत होती. तिनं पदर तोंडाला लावला.

“पण वस्ताद,” पेला हातातच धरून हिंदुराव म्हणाला, “तालमीतली पोरं काय म्हणतील? हिंदुराव पैलवान असल्या सीटवर...”

वस्तादांनी ताटली पुन्हा मांडीवर ओढली आणि लसणाची एक पाकळी उचलली.

“माती उठून वर आली, हिंद्या. आता तू बसून दाखव.”