तानूबाईचं खत कुठं गेलं?

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथली रीत अशी, की उन्हाळ्यात धनगर कळप घेऊन यायचा आणि पाळीपाळीनं प्रत्येकाच्या वावरात मेंढ्या बसवायचा. लेंड्यांचं खत पडलं की ज्वारी अशी तरारायची, काही विचारू नका!

पण तानूबाईचं मन एका पाळीत भरेना. गोड बोलून, धान्याचं आमिष दाखवून तिनं कळप आपल्याच वावरात ठेवून घेतला. शेजारीपाजारी हात चोळत राहिले.

पावसात तिची ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली. पण नुसता पाला! कणसं बोटाएवढी, आणि वारा सुटला तसं पीक आडवं झालं. सुगीला धनगर परत आला, तशी बाई खवळली.

"मेल्यानं खताचं सत्त्वच चोरलं माझ्या!"

"बाई, सत्त्व काय घोंगडीत बांधून नेलं का मी?" धनगर काकुळतीला आला.

पंचांनी सांगितलं, उद्या निवाडा; चोरी ठरली तर धनगराला गावबंदी. बायकापोरं घेऊन बिचारा जाणार कुठं?

संध्याकाळी तानूबाईनं वावरात रागानं पाय आपटला. "बोल गं भुई, कुठं घातलंस माझं खत?"

"बघ की डोळ्यांनीच," भुई म्हणाली.

आणि काय नवल! खताचा कण न् कण हळदीसारखा पिवळा झाला. मातीत एरवी न दिसणारे लाखो जीव ते पिवळं खात होते, मरत होते, पुन्हा मातीलाच देत होते. थोडं ज्वारीच्या ताटांत चढलं होतं. थोडं वाफेसारखं आभाळात निघालं होतं. बाकीचं ओघळीनं उताराला लागलं होतं. तानूबाई मागोमाग गेली, ती थेट गावच्या तळ्यावर. पाण्यावर शेवाळाची गोधडी पसरलेली, खाली मासे तडफडत होते.

"अगं आई गं! माझ्या एवढ्याशा वावरातलं हे इतकं हिंडतं?" तिचे हात आपोआप जोडले गेले.

"मला धरवलं तेवढं धरलं, लेकी. उरलेलं कसं आवरू?" पायाखालून भुई म्हणाली.

सकाळी पंचांनी विचारलं, "बोला बाई, चोर हाच ना?"

खरं सांगावं तर गावात मान राहत नव्हता. तानूबाईनं धनगराच्या पोरांकडे पाहिलं आणि उभी राहिली.

"चोरी झालीच नाही. हाव माझी होती, आणि तळं मीच नासवलं. यंदा कळप आधी सगळ्यांच्या वावरात बसवा. माझी पाळी शेवटी."

तात्पर्य काय, तर मातीत घातलेलं नाहीसं होत नाही. तिला पेलवेल तेवढंच घालावं, आणि जास्तीचं ज्याला हवं त्याला द्यावं.