एकट्या साहेबांना दिसलेलं पाणी

तानूबाईंना एक नवीनच सवय लागली होती. काही वेगळं दिसलं की त्या शेजारच्याला विचारत, "तुम्हालाही दिसतंय का?" मनाच्या आजारातून त्या हळूहळू सावरत होत्या आणि ही युक्ती डॉक्टरांनीच शिकवली होती.

रंगाच्या कारखान्यामुळे गावचा ओढा जांभळा झाला, गुरं दगावली, तेव्हा तक्रारही त्यांनीच केली. प्रदूषण खात्याचे रणनवरे साहेब तपासणीला आले, आधी कारखान्यात पाहुणचार झोडला आणि मग ओढ्याकाठी जमलेल्या गावाला अहवाल वाचून दाखवला, "पाणी निर्मळ आहे."

"मला तर जांभळं दिसतंय," तानूबाई म्हणाल्या.

साहेब हसले. "तुमच्या आजाराचं कळलंय मला, बाई. जे एकट्यालाच दिसतं, त्याला भास म्हणतात."

"डॉक्टरही हेच सांगतात." तानूबाई सवयीप्रमाणे गावाकडे वळल्या. "जांभळं कुणाकुणाला दिसतंय?"

सगळे हात वर झाले. त्यात साहेबांच्या ड्रायव्हरचाही होता.

"आणि निर्मळ?"

एकही हात वर गेला नाही.

तानूबाईंनी मायेनं साहेबांकडे पाहिलं. "गुरुवारी माझी दवाखान्याची तारीख आहे. चला माझ्यासोबत. डॉक्टर चांगले आहेत, आणि या आजारात लाजण्यासारखं काही नसतं."