गुणाजीचं वल्हं

"मग हात बांधून बसू काय, बाबा?"

गुणाजी मालंडकराने हे विचारलं तेव्हा त्याच्या एका हातात जेवणाचा डबा होता, दुसऱ्यात वल्हं. वल्हं काही तो खाली ठेवत नव्हता.

याकूबशा फकीर आपल्या मठीच्या, तकियाच्या पायरीवर बसले होते. त्या दिवशी त्यांचा दमा उठला होता. बोलायचं म्हणजे आधी श्वास गोळा करायचा, मग शब्द.

गुणाजीने सगळं सांगितलं. खाडीच्या तोंडाशी त्याचे जाळीचे पिंजरे. आत जिताडा मासा वाढवलेला. मागच्या अमावास्येला तिथे झार आला. शिकलेले लोक त्याला जेलीफिश म्हणतात. पाण्यावर पिठाच्या खळीसारखा पसरतो, अंगाला लागला की आग होते. पण गुणाजी मागे हटणारा नव्हे. खलाशी घेतले आणि वल्ह्यांनी झोडपून झोडपून एकही झार अख्खा ठेवला नाही. साऱ्या बंदरात त्याचं नाव झालं.

दुसऱ्या दिवशी जिताडे तोंड वर काढून धापा टाकायला लागले. कल्ले सुजलेले, वर शेंबडासारखा थर. काही पोट वर करून तरंगले. बाकीचे दाण्याला तोंड लावेनात.

आणि आता बाहेर पुन्हा झार दिसला होता. संध्याकाळच्या भरतीला आत येणार. उरलेले मासे गेले तर पिंजरे मोडून दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जायचं, हे मात्र गुणाजीने हळू आवाजात सांगितलं. त्याला ताईत हवा होता.

"बांधशील कुठे?" बाबा म्हणाले. "माशाला मान कुठाय."

गुणाजी हसला नाही. त्याने डबा पुढे सारला. बायकोने बाबांसाठी कालवण-भात दिला होता.

बाबांनी डबा परत सारला.

"खा, बाबा. अंगात ताकद येईल."

बाबांनी छातीवर हात ठेवला... बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला.

"आज एवढंच काम पुरे आहे," ते म्हणाले. मग थांबून, "मासे खाईनात, तर तू काय करतोस?"

"दुप्पट टाकतो."

बाबा डब्याकडे बघत राहिले. थोड्या वेळाने गुणाजीही बघायला लागला...

"अख्खा झार जाळीतून आत जातो?"

"छे. भोकं केवढी ती. अडकतो, घासतो, पाण्याच्या ओढीने पुढे जातो."

"मग आत काय गेलं?"

गुणाजीने हातातलं वल्हं वळवून पाहिलं. वल्ह्याच्या पात्याला फट होती. फटीत झाराची चिंधी वाळून बसली होती.

"पण आमच्यात झार असाच झोडतात, बाबा. जाळ्यात आला की हाणायचा. आजा हाणायचा, बाप हाणायचा."

"बापाच्या जाळ्यातला मासा जगायचा?"

"जगेल कशाला? तो तर मरायलाच..."



त्याने वल्हं पायरीवर ठेवलं. बाबांनी त्यावर पाय ठेवला आणि डोळे मिटले. ताईत काही दिला नाही.

संध्याकाळी झार आला. गुणाजी पिंजऱ्याच्या काठावर दोन्ही हात काखेत घालून उभा. खलाशांनी टोमणे मारले. एकाने विचारलं, आरती ओवाळायची का पाहुण्यांची. दुसऱ्याने न राहवून बांबू उचलला, तर गुणाजीने तो हातातून काढून घेतला आणि त्यावर चक्क बसला. झार जाळीला येऊन टेकला. घासत घासत सरकला. मग ओहोटी लागली आणि पाणी त्याला घेऊन बाहेर गेलं. दाण्याची पोती त्या दिवशी कुणी सोडली नाहीत, पुढचे काही दिवसही नाहीत.

काही जिताडे नंतरही गेले. बाकीच्यांची धाप हळूहळू उतरली. एका सकाळी मूठभर दाणा टाकला तर पाणी उसळलं.

गुणाजी डबा घेऊन तकियावर आला. बाबांची छाती मोकळी झाली होती. त्यांनी डबा ओढून घेतला, भात कालवला आणि मन लावून जेवायला लागले. गुणाजी खुशीत बघत होता. मग त्याच्याच्याने राहवेना.

"बाबा, त्या संध्याकाळी मी काही म्हणजे काहीसुद्धा केलं नाही."

बाबांनी बोटं चाटली, हात धुतले. कोपऱ्यातून वल्हं काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"मग हात लई दुखले असतील..."