मुंगूस, माकडीण आणि रेशमाचा गर

ऐनाच्या झाडांनी भरलेल्या एका जंगलात, गरम पाण्याच्या झऱ्याजवळ, एक म्हातारे मुंगूस राहत असे. जखमांवर पाला लावण्यात त्याचा हातखंडा होता. कुणाला काटा रुतला, कुणाला शिंग लागले, की सगळे त्याच्याकडे येत. पण एक गोष्ट त्याला जमत नसे. मांसाचा लचका निघून खोल खड्डा पडला, की पाला त्यात टिकत नसे आणि खड्डा काही भरून येत नसे.

मुलांनो, ऐनाच्या झाडावर रेशमाचे किडे असतात. ते स्वतःभोवती कोश विणतात आणि पुढे पतंग होऊन उडून जातात. असे काही रिकामे कोश वाऱ्याने झऱ्यात पडले होते. फार दिवस गरम पाण्यात राहून त्यांचा मऊ, थरथरणारा गर झाला होता. मुंगसाने तो पंजात घेऊन पाहिला. दाबला की दबे, सोडला की पुन्हा फुगे. त्याच्या मनात आले, हा खड्ड्यात नीट बसेल आणि नवे मांस याला धरून आत येईल.

त्याच सुमारास एका हरिणीच्या मांडीचा खडकावर आपटून लचका निघाला. मुंगसाने तिला आधीच सांगितले, "हे मी आजवर कुणाला लावलेले नाही. काय होईल ते मला ठाऊक नाही."

हरिणी म्हणाली, "आजोबा, नुसत्या पाल्याने काय होते ते मला ठाऊक आहे. माझी बहीण अशाच जखमेने गेली. तुम्ही लावा."

गर लावला. कडेकडेने नवे मांस आत सरकत गेले, गर हळूहळू विरत गेला, आणि हिवाळा लागेपर्यंत हरिणी कळपाबरोबर धावू लागली.

जवळच्या झाडावरून एक माकडीण हे सगळे पाहत होती. ती मनाने चांगली, पण उतावळी. तिने जंगलभर सांगून टाकले, "रेशमाचा गर लावा, कुठलीही जखम भरते." ते ऐकून एक ससा लंगडत झऱ्यावर आला. कोल्ह्याच्या तावडीतून सुटताना त्याच्या मागच्या पायाचे मांस गेले होते. मुंगसाजवळ तयार गर उरलेला नव्हता.

"त्यात काय, मी करून देते," असे म्हणून माकडिणीने रिकामे कोश तोडून आणले, झऱ्याच्या अगदी कढत तोंडाशी टाकले आणि काठीने भराभर घोटले. गर झाला. तो दिसायला पहिल्यासारखाच होता. मुंगसाने तो हुंगून पाहिला आणि सशाच्या पायात भरला.

थोड्याच दिवसांत सशाचा पाय टम्म सुजला. त्याला ताप भरला आणि जखमेतून पाणी वाहू लागले. मुंगसाने घाईने गर काढला, जखम धुतली आणि ते सशाच्या उशाशी बसून राहिले. ससा वाचला, पण त्याचा पाय कायमचा आखडला.

मग सगळे जंगल गोंधळून गेले. गर तोच, झरा तोच, लावणारे हातही तेच. मग हरिणी बरी कशी झाली, आणि सशाचा पाय कसा गेला? कालपर्यंत गराचे कौतुक करणारी माकडीण आता फांद्याफांद्यांवरून सांगू लागली, "विष आहे ते, लांब राहा." हरिणी दहादा आपली मांडी वळून बघे. दुखत काही नव्हते, पण दुखेल की काय या भीतीने तिला चारा गोड लागेना. ससा मुंगसाला म्हणाला, "मला रागवायचे नाही, आजोबा. फक्त माझा पाय कशाने गेला तेवढे सांगा."

मुंगूस म्हणाले, "मला कळत नाही. पण कळेपर्यंत मी दुसऱ्या कुणाला हे लावणार नाही."

मुंगसाने स्वतःच्या पोटावर लहानसे ओरखडे काढले आणि एकेक वस्तू त्यांवर लावून पाहिली. सशाच्या पायातून काढलेला गर बोटांना चिकटत होता. किडा कोश विणताना धाग्यांना जो डिंक लावतो, तो या गरात तसाच राहिला होता. पहिला गर फार दिवस पाण्यात होता, त्यातला डिंक धुऊन गेला होता. मुंगसाला वाटले, चोर सापडला. त्याने नुसता डिंक खरवडून एका ओरखड्यावर लावला. काही झाले नाही. डिंक काढून टाकलेला धागा दुसऱ्यावर लावला. त्यानेही काही झाले नाही. मुंगूस आधीपेक्षा जास्तच गोंधळात पडले. शेवटी त्याने डिंकासकट धागा तिसऱ्या ओरखड्यावर लावला, आणि तो ओरखडा लालबुंद होऊन सुजला.

ते सशाला म्हणाले, "डिंक एकटा शांत आहे आणि धागा एकटा शांत आहे. दोघे एकमेकांना चिकटून अंगात गेले, की अंग खवळते. असे का होते, ते मला अजूनही सांगता येत नाही."



आणि नेमके त्याच दिवसांत माकडिणीची लेक फांदी मोडून खाली पडली. तुटक्या बुंध्याचे टोक तिच्या कुशीत घुसले आणि मोठा खड्डा पडला. माकडीण तिला पोटाशी धरून झऱ्यावर आली. "आजोबा, ते औषध आहे की विष, एकदाच काय ते सांगा. लावू म्हणाल तर लावू, नको म्हणाल तर परत जाते."

"तसे एका शब्दात सांगता येत नाही," मुंगूस म्हणाले. "मी नवा गर करतो. डिंक जाईपर्यंत धुतो. मग आधी माझ्या अंगावर लावून बघतो. तोवर थांबावे लागेल."

"तोवर पोर तळमळेल."

"तळमळेल. पाल्याने ठणका कमी करतो. तेवढेच माझ्या हातात आहे."

माकडीण उठली. कोश आणून स्वतःच घोटावे, म्हणून ती झाडाकडे निघालीही होती. ससा तिच्या वाटेत येऊन बसला. "थांब," तो म्हणाला. "माझ्या वेळी कुणी थांबले नाही."

माकडीण खाली बसली आणि लेकीचे डोके मांडीवर घेऊन थोपटत राहिली.

मुंगसाने या वेळी केलेल्या पहिल्या गराने त्याच्या स्वतःच्याच अंगावर लाल चट्टा उठला. तो गर त्याने फेकून दिला. माकडिणीने तोंड फिरवले. पुन्हा कोश भिजवले, पुन्हा धुतले, पाणी पुन्हापुन्हा बदलले. या वेळी गर बोटाला चिकटला नाही, आणि ओरखड्याला खाज किंवा सूज आली नाही. मुंगसाने आणखी काही दिवस वाट पाहिली आणि मगच तो पोरीच्या कुशीत भरला. जखम सावकाश भरली. एका सकाळी पोर आपल्या पायांनी फांदीवर चढली.

माकडीण म्हणाली, "आता सगळ्यांना सांगू ना, गर चांगला आहे म्हणून?"

"असे सांग, की तुझ्या लेकीला लावलेला गर तिला मानवला," मुंगूस म्हणाले. "पुढच्यासाठी गर नव्याने होईल, तो नव्याने तपासावा लागेल. आणि हिला अधूनमधून दाखवायला आण. आत विरलेल्या गराचे पुढे काय होते, ते मी अजून पुरते पाहिलेले नाही."

"इतके लांबलचक कोण ऐकून घेणार?" असे पुटपुटत माकडीण झाडावर चढली. वर एक खार वाटच बघत होती. तिने विचारले, "काय गं, शेवटी औषध ठरले की विष?"

माकडीण फांदीवर थोडी जागा करून म्हणाली, "बस इथे. सांगायला वेळ लागेल."

तात्पर्य : एकाला गुण आला म्हणून एखादी वस्तू सगळ्यांचे औषध होत नाही, आणि एकाला बाधली म्हणून ती विष ठरत नाही; ती कशी तयार केली आणि कितपत तपासली, हे धीराने पाहावे, आणि जे कळले नाही ते कळले नाही असे सांगावे.